माझी लेक म्हशीला 'ब्लॅक काऊ' म्हणते. प्राण्यांची ओळख कशी करून द्यायची?

मनीषनगरची आई

नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो, चौथ्या मजल्यावर. मुलगी ३ वर्षं ८ महिन्यांची आहे. दीड वर्षाची होती तेव्हापासून तिच्याकडे प्राण्यांची चित्रकार्डं आहेत, चांगली ७२. हिप्पो, जिराफ, पेंग्विन, कोआला सगळे तोंडपाठ. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं म्हणवून घेतो.

गेल्या महिन्यात काटोलला माझ्या माहेरी गेलो होतो. शेजारच्यांची म्हैस बाहेर बांधलेली. लेक म्हणाली, "मम्मा, ब्लॅक काऊ!" सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागली नाही. मी त्याच घरात वाढले. म्हैस रेकली की तिला पाणी हवंय की तिचं रेडकू सुटलंय, हे मला आतल्या खोलीतून कळायचं. आणि माझ्या लेकीला म्हैस म्हणजे रंग बदललेली गाय.

परत आल्यावर महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. बिबट पाठ करून झोपला होता. दीड तासात हिनं मन लावून पाहिला तो फक्त एक कावळा, खाली सांडलेले मुरमुरे उचलून नेणारा. तिकडून ओढून आणावं लागलं, तर रडली.

आता घरात पालीचं सुरू आहे. बाथरूमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहते. जेवायला त्रास देत होती म्हणून सासूबाई एकदा म्हणाल्या, "नाही जेवलीस तर पाल येते बघ." झालं. ११ दिवस झाले, एकटी बाथरूममध्ये जात नाही, दाराशीच थरथरते.

मला खरंच कळत नाहीये कुठून सुरुवात करू. भूभू, माऊ असंच म्हणू द्यावं की कुत्रा, मांजर शिकवावं? आधी मराठी की इंग्रजी? प्राणिसंग्रहालयात न्यावं की नाही? आणि त्या पालीचं काय करू? मारायची माझी अजिबात इच्छा नाही.

महालातल्या बालवाडीच्या बाई

तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. मी महालात ३१ वर्षं बालवाडी घेतली, आता घरीच असते. तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी म्हशीचं. लेकीनं चार पाय पाहिले, शिंगं पाहिली, शेपटी पाहिली, दावं पाहिलं आणि म्हणाली गाय. म्हणजे तिनं नीटच पाहिलं. फरक कुठे असतो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि ते कार्डावर दिसतही नाही. कार्डावर हत्ती तळहाताएवढा आणि उंदीरही तळहाताएवढाच. कार्डावरच्या म्हशीला वास नाही, ती मान वळवून तुझ्याकडे पाहत नाही, शेपटीनं माशी हाकलत नाही. पुन्हा काटोलला जाशील तेव्हा गाय आणि म्हैस एकाच दिवशी दाखव. आपल्या गावठी गाईच्या खांद्यावर वशिंड असतं, म्हशीला नसतं. गाईच्या गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबते, म्हशीचा गळा सपाट. म्हैस डबक्यात जाऊन बसते, कारण तिची कातडी काळी आणि घाम फार कमी, तिला ऊन सोसत नाही. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चुकणार नाही.

माझी पद्धत एकच होती, तीच सांगते. रोज नवा प्राणी शिकवायचा नाही. एकच प्राणी घ्यायचा, त्याला पंधरा दिवस द्यायचे, आणि जागा तीच ठेवायची.

आमच्या बालवाडीच्या दाराशी रोज साडेदहाच्या सुमारास एक पांढरी गाय यायची. मुलं डब्यातली पोळी द्यायची, मी घरून भाजीचे देठ न्यायची. रोज एकच प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. आज तिचे कान कुठे वळतात ते पाहा. उद्या तिची शेपटी. एक दिवस मी विचारलं, "ती खाते कशी ते सांगा." एक पोरगा खाली उकिडवा बसून कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे पाहत होता. मग ओरडला, "बाई, हिला वरचे दातच नाही!" मी म्हटलं, असं कसं होईल. पण वाकून पाहिलं तर खरंच समोर वरच्या बाजूला दात नव्हते, नुसती जाड हिरडी. तोवर मला शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती आणि जन्मभर गाई पाहिल्या होत्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले की बरोबर आहे, गाईला वर समोरचे दात नसतातच. ती जिभेनं गवताला वेढा घालते, खालचे दात आणि वरची हिरडी यांच्यात धरते आणि ओढून तोडते. दाढा मात्र वर-खाली दोन्हीकडे असतात.

मग ती लिंबाखाली बसली की आम्ही तिच्या गळ्याकडे पाहायचो. रवंथ करताना चावलेला घास गिळला की गळ्यातून एक गोळा खाली जाताना दिसतो. थोडा वेळ तोंड थांबतं. मग खालून दुसरा गोळा सरसर वर येतो आणि जबडा पुन्हा चालू. बाहेरून स्वच्छ दिसतं, कधी पाहिलं नसेल तर तूही पाहा. मुलं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाणी गिळून पाहायची. पोटाचे चार कप्पे हे मी नंतर सांगितलं, तोवर ते त्यांना ऐकायचंच होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, शाळाच कुरणात नेली. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय की जनावर आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता त्या कावळ्याचं. तू तिला ओढून आणलंस ना, पुढच्या वेळी तिथेच बस. अर्धा तास गेला तरी चालेल. तिनं स्वतः निवडलेला तो पहिला प्राणी आहे. आपल्याकडे दोन कावळे दिसतात. मान राखाडी असलेला गावकावळा, आणि सगळा काळाभोर, जाड चोचीचा, थोडा मोठा डोमकावळा. तुझ्या गॅलरीत कोणता येतो ते तिलाच शोधू दे. आणि 'कुहू कुहू' करणारा काळा पक्षी कोकीळ, तो नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. हे कळलं की माझी मुलं कितीतरी दिवस कावळ्यांची बाजू घेऊन कोकिळेवर रागावायची.

भूभू, माऊ, हम्मा राहू दे, खुशाल राहू दे. त्या प्राण्यानं स्वतःच सांगितलेलं नाव आहे ते. तू मात्र उत्तर देताना पूर्ण वाक्य बोल. ती म्हणाली "भूभू", तर तू म्हण, "हो, कुत्रा भुंकून राहिला, त्याला कोणीतरी दिसलं." तिला दुरुस्त करू नको, नुसतं तिच्या कानावर पडू दे. आणि इथेच मराठी फार उपयोगी पडते बाळा. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, वाघ डरकाळी फोडतो, मोराचा केकारव. पाल चुकचुकते. घरंही तशीच. गोठा, तबेला, खुराडं, घरटं, बीळ, वारूळ, पोळं. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, घोड्याचं शिंगरू. हे शब्द शाळेत कुणी देणार नाही, घरातच मिळतात. इंग्रजी नावं ती शिकतेच आहे, त्यांची काळजी नको.

महाराजबागेत जरूर ने, पण एका खेपेला एकच प्राणी ठरवून जा आणि तो पाहून परत ये. गोरेवाड्याची सफारी मी पाच वर्षांच्या आधी सुचवणार नाही. बसमध्ये बसून राहायचं आणि वाघ दिसेलच असं नाही, लहान मूल कंटाळतं. त्याआधी अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या जुन्या संग्रहालयात ने. तिथे भुसा भरलेले प्राणी-पक्षी आहेत, जागचे हलत नाहीत. कोण केवढं हे मुलाला समोर उभं राहून मापता येतं. तिथे एवढं मात्र सांगावं लागतं की हे आता जिवंत नाहीत. मी सरळ सांगायची, मुलं सरळ ऐकायची.

पालीसाठी घाई करू नको, आणि "काही नाही करत गं ती" असं तर बिलकुल म्हणू नको. भीती वाटणाऱ्या मुलाला ते खोटं वाटतं. दाराबाहेर, तिला जिथे बरं वाटेल तिथे, एक पाट ठेव. रात्री दिवा लाव आणि पाच मिनिटं दोघी तिथूनच पाहा. आत जायचं नाही. आता पावसाळा आहे, ट्यूबलाइटवर किडे येतातच. पाल आधी कशी स्तब्ध राहते, शेपटीचं टोक कसं हलतं आणि मग झपकन किडा कसा गट्ट करते ते मोजा. आज किती खाल्ले, काल किती. तिला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेनं डोळा पुसते. हे दिसायला दोन-तीन रात्री लागतील, पण दिसतं. आपल्या घरातली पाल विषारी नसते, हे तू स्वतः मनात पक्कं कर. तुझा हात घट्ट झाला की लेकीला कळतं.

सासूबाईंना बोल लावू नको. आपल्या सगळ्यांना असंच कुणाचं तरी नाव सांगून भरवलंय. त्यांनाच पाटावर शेजारी बसव. किडे मोजायचं काम त्यांना दे.

रात्रपाळीवाला बाबा, हिंगणा रोड

बाईंचं सगळं पटलं. माझी सकाळ मोकळी असते, म्हणून मुलाला (वय ४) सायकलवर पुढे बसवून अंबाझरी तलावावर नेतो. तिथे पाणकावळा दगडावर पंख पसरून बसतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तो शर्ट वाळवून राहिला." खरंच तसंच आहे. त्याचे पंख भिजतात, म्हणून बुडी मारून आला की पसरून वाळवावे लागतात. मी नुसतं हो म्हटलं.

हिवाळ्यात एक काळा पक्षी असतो, कपाळावर पांढरा टिळा. त्याचं मराठी नाव वारकरी. हे नाव सांगितल्यापासून मुलगा त्याला पाहून हात जोडतो. आजोबांनी घरी शिकवलं असेल.

अजून एक. आपण नागपूरवाले कोथिंबिरीला सांबार म्हणतो. गोरेवाड्याला बसमधून मी दाखवलं, "ते बघ सांबर." तो गंभीर होऊन म्हणाला, "आजी वरणात टाकते ते?" त्या दिवशी घरी येऊन आम्ही दोन्ही समोर ठेवली, सांबाराची जुडी आणि सांबराचं चित्र, आणि दोन्ही नावं दहादा म्हटली. आता तो इतरांना समजावून सांगतो.

बाई, सफारीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वाघ, बिबट, अस्वल आणि गवत खाणारे असे चार भाग आहेत, आणि माझ्या मुलाला सगळ्यात आवडली ती शेवटची, हरणांची बाजू. वाघासाठी म्हणून नेलं नाही तर चार वर्षांचं मूलही रमतं.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांची आई

मला कार्डांची बाजू घ्यायची आहे, राग मानू नका.

माझा मोठा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत जवळजवळ बोलत नव्हता. डॉक्टर, थेरपी, सगळं सुरू होतं. रोज संध्याकाळी तीच बारा कार्डं घेऊन मी त्याच्यासमोर बसायचे. एक दिवस त्यानं कार्डावर बोट ठेवलं आणि "हत्ती" म्हणाला. स्पष्ट. तो हत्ती आजही माझ्या देवघरात आहे, कोपरे झिजलेले. त्यामुळे कार्डं फेकून द्या असं कुणी म्हटलं की मला लागतं.

पण एकसारख्या मापाची अडचण खरी आहे, ती मलाही आली. त्यावर आम्ही केलं ते सांगते. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूनं जमिनीवर प्राणी काढले, खऱ्या मापाचे. जिराफ १८ फूट. टेप धरायला वॉचमनकाका आले. पाय काढता काढता आमची एक गाडी ठेवायची जागा संपली, मान शेजारच्यांच्या जागेत गेली. मग त्याच्या पायाशी मुलांना आडवं झोपवलं आणि त्यांची आकृती काढली. मोठा उठून उभा राहिला आणि जिराफाच्या पायापासून डोक्यापर्यंत चालत गेला. परत आला. पुन्हा गेला. ती संध्याकाळ मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, सगळं वाहून गेलं, तर दोघंही उंदीर काढू म्हणाले, म्हणजे पाऊस आला तरी लवकर पुन्हा काढता येईल.

पशुवैद्यक, नागपूर

वरच्या दातांचं बाईंनी लिहिलं ते अगदी बरोबर. म्हशीतही तसंच, शेळीतही.

काटोलची म्हैस बहुधा नागपुरी जातीची असेल, तर तिची शिंगं लेकीला जरूर दाखवा. लांब, चपटी, तलवारीसारखी, मागे मानेवरून खांद्यापर्यंत गेलेली. डेअरीत मुऱ्हा दिसते, तिची शिंगं जिलेबीसारखी वळलेली. मुलं हा फरक दहा सेकंदात पकडतात. नागपुरी म्हैस ही आपल्या विदर्भाची स्वतःची जात आहे आणि आपल्याच मुलांनी ती ओळखावी असं मला फार वाटतं.

आता माझं खरं काम. मूल प्राण्यांकडे ओढलं जायला लागलं की त्याच आठवड्यात हे शिकवा. कुत्रा खात असेल, झोपला असेल किंवा पिलांजवळ असेल तर जवळ जायचं नाही. ओळखीचा असला तरी मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. घरी खेळ म्हणून सराव करा. "झाड!" म्हटलं की मुलानं थिजायचं.

चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ हाती लागत नाही, लस मात्र वेळेवर घेतली तर वाचवते. पुढची तारीख चुकवायची नाही.

आणि मुलाला आजच सांगा: "चावलं तर मला सांग, मी रागावणार नाही." मुलं मार बसेल म्हणून लपवतात. मी हे पाहिलेलं आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिवत नाही.

सापाबाबत एवढंच की लहान मुलाला विषारी-बिनविषारी शिकवायला जाऊ नका. साप दिसला की मागे सरकायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, बस. जखमी पक्षी, माकड, काहीही रानातलं सापडलं तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे कळवा. घरी ठेवून घेऊ नका.

महालातल्या बालवाडीच्या बाई

त्रिमूर्तीनगरच्या ताई, तुमचा हत्ती वाचून डोळे भरून आले. कार्डं फेका असं मी म्हणणार नाही. जिराफ आपल्या दाराशी येणार नाही, त्याला कार्डच हवं. आणि खडूचं मला ३१ वर्षांत सुचलं नव्हतं.

हिंगण्याचे भाऊ, हरणांचं मान्य.

मनीषनगरच्या बेटा, पोळा जवळ येतोय. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, लेकीसाठी लाकडी नंदी घे. महालात, इतवारीत मिळतील. फक्त आयता सजवलेला घेऊ नको. साधा घे आणि घरी तिच्या हातानं सजवू दे. मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांची खांदशेकणी असते, हळद-लोणी लावून खांदे चोळतात आणि म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर जू ओढून खांदा सोलतो म्हणून हे करायचं. जमलं तर त्या संध्याकाळी काटोलला असा. आणि तो खांदा तिला जवळून दाखव.

मनीषनगरची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, क्षमा करा.

पाट ठेवला. पहिल्या तीन रात्री लेक माझ्या मांडीवरून हललीच नाही, डोळ्यांवर बोटं आणि बोटांच्या फटीतून पाहणं. चौथ्या रात्री सासूबाई आल्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली, "एक पाकोळी. दोन." सहाव्याला पालीनं खरंच जिभेनं डोळा पुसला. सासूबाईच आधी ओरडल्या, "अगं बाई, बघ बघ!" त्या ६७ वर्षांच्या आहेत आणि त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

मग लेकीनं एक गोष्ट पाहिली, जी आम्हा मोठ्यांच्या लक्षात आली नव्हती. पालीच्या शेपटीचा टोकाकडचा तुकडा वेगळ्या रंगाचा आहे, मळकट आणि गुळगुळीत. मी तिला सांगितलं की शेपटी तुटली तर पालीला नवीन येते, तिची एकदा तुटली असेल. तिनं विचारलं, "दुखलं असेल?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आजीला सांगितलं की पालीला ओरडायचं नाही, तिचं शेपूट दुखलं होतं.

काटोलला खांदशेकणीला जाऊन आलो. माझ्या काकांनी तिचा हात धरून बैलाच्या खांद्यावर लोणी लावू दिलं. जू बसतं त्या जागी कातडी घट्ट आणि केस झडलेले. ती बराच वेळ तिथेच हात ठेवून उभी होती. म्हैसही पाहिली. शिंगं तलवारीसारखीच निघाली, डॉक्टरसाहेब.

नंदी साधाच आणला. त्याच्या खांद्यावर तिनं फ्रीजमधलं लोणी फासलंय, लाकडाला मुंग्या लागल्या, म्हणून आता मुंग्यांना पंधरा दिवस द्यायचे ठरलेत.

आणि बाथरूममध्ये ती एकटी जायला लागली आहे. आत पाय टाकण्याआधी दाराशी थांबते, वर ट्यूबलाइटकडे पाहते आणि मोठ्यानं सांगते, "पाल, मी आत येऊन राहिली. तू वरच बस."